आरामनगरच्या रांगेबाहेर

(आनंदनगर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



आनंदनगर ते आरामनगर हा प्रवास इथल्या बऱ्याच मुलामुलींना तोंडपाठ आहे. बदलापूर किंवा अंबरनाथहून फास्ट लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने वर्सोवा आणि पुढे रिक्षा. आरामनगरच्या जुन्या बैठ्या घरांत आता कास्टिंगवाल्यांची ऑफिसं आहेत. दारातल्या वहीत नाव, उंची, मोबाइल नंबर लिहायचा आणि दोन-तीन तास उभं राहायचं. आत गेल्यावर कॅमेऱ्यापुढे डावीकडे वळा, उजवीकडे वळा, मग चार वाक्यांचा सीन. 'कळवतो' म्हणतात. बहुधा कळवत नाहीत. कळवलं आणि मालिकेत काम मिळालं, तरी पैसे महिनोन् महिने उशिरा, आणि कथानकाने वळण घेतलं की आपलं पात्र गावाला जातं ते परत येतच नाही.

त्या रांगेत उभं राहण्यात कमीपणा नाही. आज ज्यांची पोस्टर लागतात त्यांतले अनेकजण तिथूनच गेलेत. माझी तक्रार वेगळी आहे. रांगेतल्या नटाजवळ चेहरा असतो, आवाज असतो, कधी कधी चांगला अभ्यासही असतो. पण उद्या संध्याकाळी सात वाजता लावता येईल असा एकही प्रयोग नसतो. कुणीतरी बोलवेपर्यंत तो नटच नसतो, उमेदवार असतो. म्हणून आज मी एकाच गोष्टीभोवती बोलणार आहे. नटाच्या स्वतःच्या मालकीचा प्रयोग. वीस मिनिटांचा का असेना.

हे नवं खूळ नाही. केशवराव भोसले लहान वयात स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत 'शारदा' गाजवत होते. १९०८ साली त्यांनी हुबळीला स्वतःची ललितकलादर्श काढली, तेव्हा त्यांना अठरावं पुरं झालं नव्हतं. अठरा वर्षांचा मुलगा आज 'सर, पोर्टफोलिओ कुठे करू' म्हणून विचारतो. पुढे १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. अमेरिकेत चॅप्लिन, मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स या नटांनी दिग्दर्शक ग्रिफिथला घेऊन युनायटेड आर्टिस्ट्स काढली ती १९१९ साली. तिकडच्या इतिहासात नट मालक झाले याचं केवढं कौतुक असतं! आपल्याकडे गंधर्व मंडळीच्या रूपाने ते सहा वर्षं आधीच होऊन गेलं होतं. आपण सांगत नाही, एवढंच.

पण याचा पुढचा भागही सांगायला हवा. गंधर्व मंडळीची श्रीमंती डोळे दिपवणारी होती. भरजरी शालू, उंची अत्तरं, गालिचे. प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं आणि सावकारांनी मानगूट धरली. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व आणि ललितकलादर्श या दोन मंडळ्यांनी मिळून 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग केला, त्याच्या आठवणी लोक अजून काढतात. कर्जाच्या आठवणी मात्र हळू आवाजात काढतात. कलेत कुठे खोट नव्हती. खर्चावर कुणाची नजर नव्हती. तेव्हा 'स्वतःचं काढा' असं जेव्हा मी म्हणतो, तेव्हा त्यात वही आणि पेन आलंच.

मालकी आणि हिशेब दोन्ही जमलेला माणूस म्हणजे दादा कोंडके. त्यांच्या संवादांबद्दल माझी मतं जरा वेगळी आहेत, पण ती आज बाजूला ठेवतो. लालबाग-नायगावातला हा मुलगा, अपना बाजारमध्ये नोकरी, सेवादलाच्या कलापथकात कामं. 'खणखणपूरचा राजा'त त्यांचं नाव झालं. इथे थांबून कुणी बोलवायची वाट बघता आली असती. त्यांनी स्वतःची मंडळी काढली आणि वसंत सबनीसांकडे जाऊन 'माझ्यासाठी लिहा' अशी गळ घातली. त्यातून 'विच्छा माझी पुरी करा' आलं आणि त्याने महाराष्ट्र हलवला. ते पाहून आशा भोसले यांनी भालजी पेंढारकरांकडे त्यांचं नाव सुचवलं आणि 'तांबडी माती' मिळाला. क्रम लक्षात घ्या. आधी प्रयोग, मग ओळख. आपल्याकडे सगळे ओळखीच्या मागे धावतात. १९७१ साली स्वतः निर्माते होऊन त्यांनी 'सोंगाड्या' काढला तेव्हाही लेखक सबनीसच होते. आणि दादरच्या कोहिनूर थिएटरसाठी भांडावं लागलं, शिवसेनेची मदत घ्यावी लागली. सिनेमा तयार झाला म्हणजे पडदा मिळतोच असं नाही, हा धडा आजही ओटीटीवाल्यांच्या दारात बसलेल्या पोरांना रोज मिळतो.

आता मराठवाड्यात जाऊ, कारण माझ्या दृष्टीने आजच्या विषयाचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण तिथे आहे. लक्ष्मण देशपांडे औरंगाबादला विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवत होते. मुंबईच्या निर्मात्यांच्या नजरेच्या पल्याड. १९७९ च्या सुमारास त्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' रंगमंचावर आणलं. लेखक तेच, दिग्दर्शक तेच, नट तेच. खेड्यातलं वऱ्हाड लग्नासाठी विमानात बसून लंडनला निघतं, गोष्ट एवढीच. पण तिच्यात बावन्न पात्रं, आणि बावन्नच्या बावन्न एकाच्या अंगावर. गिनेस बुकाने त्याची नोंद घेतली. त्याआधी पुलंनी १९६१ पासून 'बटाट्याची चाळ' एकट्याने उभी केली होती, पण तोवर पुलंना सारा महाराष्ट्र ओळखत होता. लक्ष्मण देशपांड्यांना ओळखणारं कोण होतं? मराठवाड्याची बोली तर अशी, की तिच्या जोरावर मुंबईच्या नाटकात त्यांना फार तर गड्याचं काम मिळालं असतं. त्या बोलीलाच त्यांनी नायकाची जागा दिली.

धंद्याच्या नजरेनेही या प्रयोगाकडे पाहा. सहकलाकार नाही, त्यामुळे कुणाच्या शूटिंगपायी तारीख रद्द होत नाही. नेपथ्याचा टेम्पो नाही. पंधरा माणसांची बस नाही, पंधरा नाईटा नाहीत. एक नट एसटीने निघाला की प्रयोग निघाला. म्हणून तो तालुक्याच्या गावी जाऊ शकला आणि परदेशातल्या मराठी मंडळांतही जाऊ शकला. २००९ साली देशपांडे गेले. प्रयोग मात्र राहिला. संदीप पाठक तो करतात. मालिकेतल्या भूमिकेला असा वारस मिळत नाही.

दुसरं नाव सुषमा देशपांडे यांचं. पेशाने पत्रकार. सावित्रीबाई फुल्यांवर एका बाईने उभं राहून बोलावं असं नाटक त्यांना कुणी लिहून दिलं नव्हतं. त्यांनी स्वतः लिहिलं, स्वतः बसवलं आणि १९८९ पासून 'व्हय मी सावित्रीबाई' खेडोपाडी नेलं. गावात रंगमंच नसला तरी त्यांचं अडलं नाही. तीन जानेवारीला शाळाशाळांत सावित्रीबाई होऊन उभ्या राहणाऱ्या मुली आज दिसतात, तेव्हा मला त्या प्रयोगाची आठवण होते.

इथे कुणीतरी नक्की म्हणणार, आम्ही नट आहोत, लेखक नाही. आमच्यासाठी कोण लिहिणार? रास्त प्रश्न आहे. पण लेखक नाही म्हणून घरी बसायची मराठीत तरी सोय नाही. आपल्या कायद्यानुसार लेखक गेल्यानंतर साठ वर्षांनी त्याचं लेखन सर्वांना खुलं होतं. १९३१ साली गेलेले दिवाकर, म्हणजे शंकर काशीनाथ गर्गे, कधीच खुले झालेत. त्यांच्या एक्कावन्न नाट्यछटा आहेत, आणि एकट्या नटासाठी यापेक्षा बरं साहित्य मला माहीत नाही. आपण त्या शाळेतल्या स्पर्धेत पोरांच्या तोंडून घोकून म्हणवून घेतल्या आणि वाया घालवल्या. खरं तर त्या मोठ्या नटाचा घाम काढतात. बोलणारा एकच, समोरच्याचं बोलणं प्रेक्षकाला ऐकू येत नाही, नटाच्या उत्तरावरून ते कळायला हवं. म्हणजे समोरचा माणूस किती उंच आहे, बसलाय की उभा, त्याने मान फिरवली का, हे सगळं नटाच्या डोळ्यांत दिसलं पाहिजे. समोर मूल असेल तर नजर कमरेच्या उंचीवर, आणि ते पळालं तर नजर त्याच्या मागे दारापर्यंत. नजर एक वीत चुकली तर मूल नाहीसं होतं. 'पंत मेले, राव चढले' घेऊन महिनाभर आरशाशिवाय तालीम करा. कुठल्याही वर्कशॉपची फी वाचेल.

चिं. वि. जोशी १९६३ साली गेले, म्हणजे २०२४ पासून चिमणराव आणि गुंड्याभाऊ मोकळे झालेत. त्यांच्यावरच्या दूरदर्शन मालिकेची संहिता उचलायची नाही, ती दुसऱ्याची मेहनत. मूळ कथा घ्यायच्या आणि त्यातून आपला प्रयोग बांधायचा. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तर एखाद्या चांगल्या अभिनेत्रीची वाटच बघत बसली आहेत. अत्रे मात्र १९६९ साली गेले, त्यांच्यासाठी अजून परवानगी आणि रॉयल्टी लागेल. हयात लेखकाचंही तसंच. परवानगी न घेता, नुसतं लेखकाचं नाव सांगून कथा वाचणारे महाभाग मी पाहिलेत. लेखकाचे पैसे बुडवणाऱ्या नटाने स्वतःच्या थकलेल्या मानधनाबद्दल गळा काढू नये. आणि तिकीट लावून प्रयोग करणार असाल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते, हे विसरू नका. प्रयोगाच्या आदल्या दिवशी आठवून उपयोग नसतो.

ज्यांना स्वतः लिहायचं आहे त्यांच्यासाठी तर अंबरनाथ-बदलापूरचा हा सगळा पट्टा म्हणजे खाण आहे. संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर आनंदनगर एमआयडीसीच्या नाक्यावर चहाच्या टपरीपाशी कान उघडे ठेवून उभं राहा. आगरी ऐकू येईल, अहिराणी येईल, मालवणी येईल, उत्तरेकडचं हिंदी येईल आणि उल्हासनगरच्या व्यापाऱ्याचं सिंधी वळणाचं मराठीही येईल. फाळणीनंतर कल्याण कॅम्पात आलेल्या त्या सिंधी माणसांना नोकऱ्या कुणी दिल्या नाहीत. कॅम्पाचं १९४९ साली उल्हासनगर झालं आणि घराघरांत कारखाने निघाले. 'मेड इन यूएसए'चा विनोद आपण सगळे करतो. पण त्या गावाची गोष्ट रंगमंचावर मराठीतून कुणी एकट्याने उभं राहून सांगितलेली मी तरी पाहिली नाही. आपली मुलं मात्र ऑडिशनला पुण्या-मुंबईच्या घासून गुळगुळीत झालेल्या मराठीत बोलायची धडपड करतात. तसं बोलणारे तिथे आधीच दोनशे उभे असतात.

बरं, प्रयोग तयार झाला. करायचा कुठे? चांगलं नाटक बघायचं तर आपण वर्षानुवर्षं कल्याणचं अत्रे रंगमंदिर किंवा डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले कलामंदिर गाठत आलो, शेवटची लोकल धरून परतलो. नाट्यगृहं हवीतच. पण एका माणसाच्या प्रयोगाला नाट्यगृह लागतंच असं कुणी सांगितलं? दादरच्या छबिलदास शाळेचा हॉल आठवा. अरविंद आणि सुलभा देशपांडे यांच्या 'आविष्कार'ने सत्तरच्या दशकात त्या शाळेच्या हॉलमध्ये प्रयोग सुरू केले आणि मराठी प्रायोगिक रंगभूमीचा एक कालखंडच त्या शाळेच्या नावाने ओळखला जाऊ लागला. आपल्याकडे शाळा कमी आहेत का? बदलापुरात नव्या गृहसंकुलांचे क्लबहाउस पडून आहेत, वाढदिवस सोडले तर तिथे काही होत नाही.

आणि प्रयोग कधी करायचा हे ठरवायला कॅलेंडर काढून बसा. तीन जानेवारी सावित्रीबाईंची जयंती. मग संक्रांतीची हळदीकुंकवं, आणि त्याच सुमारास सरकारी कार्यालयांतला मराठी भाषा पंधरवडा. सत्तावीस फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. चार मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन, चौदा एप्रिलला अग्निशमन दिन. या शेवटच्या दोन तारखांकडे नटमंडळी बघतच नाहीत. रसायनांच्या कारखान्यांना सुरक्षा सप्ताह साजरा करायचाच असतो, पथनाट्यही हवं असतं, आणि ते बसवायला बऱ्याचदा बाहेरून कुणीतरी येतं. ज्याने कधी रिअॅक्टरची झडप पाहिलेली नसते. इथल्या नटाचा बाप, काका किंवा शेजारी त्या कारखान्यात आहे. कामगाराला हसवून, घाबरवून शहाणं करणारं वीस मिनिटांचं पथनाट्य त्याच्याइतकं चांगलं कोण करेल? कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धा आहेत. १९५३ पासूनचं हे मंडळ. त्याच्या रंगमंचावर कामगार नाटकं करत आलेत. स्पर्धेतलं बक्षीस हा शेवट समजून मंडळी घरी जातात, ती चूक आहे. बक्षीस मिळालेली एकांकिका दुसऱ्या दिवशीपासून विकायला काढायची असते.

विकायला म्हटल्यावर काही चेहरे आक्रसलेले दिसले. त्यांना मी वडशाला जायला सांगेन. गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज-वडसा म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीची बाजारपेठ. धान निघालं, दिवाळी झाली की हंगाम सुरू होतो. नाटक कंपन्यांची ऑफिसं तिथे, गावची मंडळं येऊन नाटक ठरवतात, मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने गावात मांडव पडतो आणि नाटक रात्रभर चालतं. अनुदानाच्या भरवशावर हे उभं नाही. तिथले किती नट दिवसा शेतकरी असतात. तिथले नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा मुंबईच्या पत्रकारांनी झाडीपट्टी म्हणजे काय हे शोधायला सुरुवात केली.

नोकरी सोडू का, हा प्रश्न मला प्रत्येक ठिकाणी विचारला जातो. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते. पुण्यात भालबा केळकरांच्या पीडीए या संस्थेत हौशी नाटकं करत करत त्यांनी कित्येक वर्षं डॉक्टरकी केली, आफ्रिकेतही केली. पूर्णवेळ नट झाले ते १९६९ साली, चाळिशी ओलांडल्यावर. 'नटसम्राट' त्यानंतरचं. प्रशांत दामले बेस्टमध्ये नोकरीला होते. तेव्हा प्रयोगाला स्वतःचे पाय फुटेपर्यंत पगार सोडू नका. घरच्यांनाही रात्री झोप लागली पाहिजे.

दामल्यांचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडं. नोव्हेंबर २०२२ मध्ये षण्मुखानंदमध्ये त्यांनी साडेबारा हजारावा प्रयोग केला. लोकांना त्यात विक्रम दिसतो, मला शिस्त दिसते. ते नट आहेत आणि निर्मातेही. तारीख कुठली घ्यायची, कुठल्या गावी किती अंतराने परत जायचं, याचा विचार नटाच्याच डोक्यात चालतो. त्यांनी निर्माता म्हणून काढलेली 'तू म्हणशील तसं' आणि 'नियम व अटी लागू' ही नाटकं लिहिली संकर्षण कऱ्हाडे या परभणीच्या नटाने. हा मुलगा नट म्हणून आला आणि लिहायला लागला. स्पृहा जोशीबरोबर तो कवितांचा कार्यक्रमही करतो. दोन माणसं आणि कविता. पुन्हा तेच, टेम्पो नाही.

मोबाइलबद्दल बोललो नाही तर मागच्या रांगेतली मुलं उठून जातील. २०१६ साली अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी यांनी 'भाडिपा' या यूट्यूब वाहिनीवर 'कास्टिंग काउच' ही मालिका केली. ज्या ऑडिशनच्या जगाने नटांना रडवलं त्याचीच टर उडवून या दोघांनी काम उभं केलं. पण ते दोघे त्याआधी पुण्यात 'नाटक कंपनी'त वर्षानुवर्षं प्रयोग करत होते, हे सोयीस्करपणे विसरलं जातं. वीस सेकंदांची रील बघून लोक ओळखतात, पण नव्वद मिनिटं समोर बसवून ठेवायचं कसब रीलमधून येत नाही. माझ्या मते रील म्हणजे प्रयोगाची जाहिरात. ती करा, जरूर करा. फक्त तिच्याखाली पुढच्या प्रयोगाची तारीख आणि ठिकाण लिहिता आलं पाहिजे.

शेवटचं बोलणं नटांशी नाही. इथे सोसायट्यांचे सेक्रेटरी आहेत, गणेशोत्सव मंडळांचे पदाधिकारी आहेत, कंपन्यांच्या पर्सोनेल खात्यातली मंडळी आहेत. ऑर्केस्ट्र्याची सुपारी देताना तुम्ही घासाघीस करता, पण देता. आपल्याच गल्लीतल्या नटाला बोलावताना मात्र 'तुला स्टेज मिळतंय ना' म्हणता आणि शाल-श्रीफळावर वाटेला लावता. यंदाच्या वर्गणीचा अंदाज मांडाल तेव्हा त्यात इथल्या एका नटाचं मानधन आकड्यात लिहा. वीस मिनिटांचं असेल तर वीस मिनिटांचं. प्रयोग न आवडल्यास पुढच्या वर्षी बोलावू नका, तो तुमचा हक्क आहे. पण झालेल्या प्रयोगाचं पाकीट त्याच रात्री, तो मेकअप पुसत असतानाच द्या. माझं मानधन संयोजकांनी आधीच दिलं आहे, तेव्हा हे मी माझ्यासाठी मागत नाही.